वाचकांचे प्रश्न : पुन्हा पुन्हा हरवणारे गेम

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. सुट्टीत ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढण्याचा गेम खेळायला घेतला आणि आता तो संपतही नाही, सुटतही नाही. एकेका स्क्रीनवर असंख्य वेळा मरते, चिडून लॅपटॉप बंद करते आणि अर्ध्या तासाने पुन्हा उघडते. भाऊ म्हणतो, गेम सोपा करणारा ‘असिस्ट मोड’ लाव. मैत्रीण म्हणते, ती लबाडी आहे. इतकी चीड आणणारी गोष्ट हवीहवीशी का वाटते, आणि असिस्ट मोड वापरावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची चीड आणि तुमची ओढ या दोन्हींचा उगम एकाच जागी आहे. या गेममध्ये मरण येते तेव्हा ते का आले, हे बहुतेक वेळा लगेच कळते : उडी किंचित लवकर मारली, डॅश, म्हणजे हवेतली झटक्याची झेप, तिरका गेला, भिंत सोडायला उशीर झाला. कारण कळले की चूक दुरुस्त करून पाहावीशी वाटते, आणि गेम ती संधी क्षणभरात देतो, कारण मेल्यावर गेमची नायिका मॅडलिन त्याच स्क्रीनच्या तोंडाशी पुन्हा उभी असते. कारण कळणे आणि लगेच पुन्हा प्रयत्न करता येणे या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे कितीही अवघड गेम माणसाला धरून ठेवतो. त्यांपैकी एक जरी नसली तरी उरते ती नुसती चीड.

ही रीत ‘सेलेस्ट’च्या आधीपासूनची आहे. एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनेस यांच्या २०१० सालच्या ‘सुपर मीट बॉय’मध्ये लेव्हल लहान असतात, करवतीच्या पात्यांवर चिरडलेला नायक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच परत येतो, आणि लेव्हल पार झाल्यावर तुमचे त्या लेव्हलमधले प्रयत्न एकाच वेळी स्क्रीनवर धावताना दाखवले जातात. घोळक्यातले एकेक जण वाटेत मरत जातात आणि शेवटी एकटा पोहोचतो. अपयशाचा इतका प्रामाणिक आणि इतका आनंददायक हिशेब मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिलेला नाही. ‘सेलेस्ट’नेही हाच भाव जपला आहे, मृत्यूंच्या आकड्याचा अभिमान बाळगा, जितके मराल तितके शिकाल, अशा अर्थाचे पोस्टकार्ड तो गेम सुरुवातीच्या टप्प्यातच तुमच्या हाती देतो.

जे सहसा लक्षात येत नाही ते म्हणजे हा कठोर गेम आतून किती उदार आहे. मॅडी थोरसन, नोएल बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या जानेवारीत तो प्रसिद्ध केला. पुढे थोरसन यांनी त्यातल्या लपवलेल्या सवलती जाहीरपणे समजावून सांगितल्या. मॅडलिनचा पाय कड्यावरून सुटल्यानंतरही सुमारे एक दशांश सेकंदापर्यंत उडीचे बटण दाबले तर उडी लागते. जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबले, तरी गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी मारतो. डोके छताच्या कोपऱ्याला जेमतेम लागत असेल तर तिला हळूच बाजूला सरकवले जाते. भिंतीला प्रत्यक्ष स्पर्श झालेला नसताना, अगदी थोड्या अंतरावरूनही भिंतीवरची उडी मान्य होते. उडीच्या शिखरावर बटण दाबून ठेवल्यास गुरुत्वाकर्षण क्षणभर निम्मे होते, म्हणजे कुठे उतरायचे ते ठरवायला थोडा अधिक अवधी मिळतो. आपण जे करू पाहत होतो ते ओळखून गेम आपल्या बाजूने निवाडा देत असतो, आणि म्हणूनच उरलेल्या चुका आपल्याच आहेत हे मान्य करायला जड जात नाही.

आता असिस्ट मोड. त्यात गेमचा वेग १०० टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत कमी करता येतो, चढण्याची ताकद अमर्याद करता येते, हवेतले डॅश वाढवता येतात, आणि हवे असल्यास मरणच बंद करता येते. ही लबाडी आहे असे मला अजिबात वाटत नाही. लबाडी व्हायला समोर कुणी फसवला जाणारा लागतो. इथे कुणाशी शर्यत लावलेली नाही, आणि ज्यांनी गेम बनवला त्यांनीच ही सोय दिली आहे. सुरुवातीच्या आवृत्तीत या सोयीची ओळख करून देणारा मजकूर ‘अवघडपणा हाच या अनुभवाचा गाभा’ अशा सुराचा होता. ज्यांना हाताच्या वा दृष्टीच्या अडचणीमुळे ही सोय लागते त्यांना तो खटकला, आणि २०१९ मध्ये निर्मात्यांनी तो बदलला. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

तुमच्यापुरते सांगायचे तर मरण बंद करण्याची घाई करू नका, कारण तुम्हाला जे खेचून परत आणते आहे तेच त्यामुळे निघून जाईल. अडलेल्या स्क्रीनपुरता वेग ७० किंवा ८० टक्के करा, हालचालींचा क्रम हातात बसू द्या आणि मग पूर्ण वेगाने खेळा. तबल्याचा कायदा आधी विलंबित लयीत बसवून मग दुगुणीत घेतात, तसेच हे आहे. आणि तुम्ही लॅपटॉप बंद करता ते योग्यच करता. थकलेला हात चुकीची हालचाल पुन्हा पुन्हा करून तीच पक्की करतो. रात्री न जमलेली स्क्रीन सकाळी जमून जाते, हा अनुभव अनेकांना येतो. नव्याने शिकलेल्या हालचाली झोपेत पक्क्या होतात, त्यामुळे त्यात नवल नाही.

‘गोल्डन स्ट्रॉबेरी’ या गेममधल्या खास बक्षिसाच्या मागे मात्र इतक्यात लागू नका. त्यासाठी अख्खा चॅप्टर एकदाही न मरता पार करावा लागतो, आणि तिथे गेमचा स्वभावच बदलतो : शेवटच्या स्क्रीनवरच्या एका चुकीने मागची सगळी वाट पुन्हा चालावी लागते. ज्यांना ती पारख हवी त्यांच्यासाठी ती आहे, पण पहिल्याच खेपेस मॅडलिनची चढण अनुभवणाऱ्याला तिची गरज नाही. मनातली भीती आणि निराशा घेऊन डोंगर चढणाऱ्या मुलीची ती गोष्ट आहे, आणि लेना रेन यांचे संगीत ऐकत ती शिखरापर्यंत पोहोचवावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : नव्वदच्या दशकात आम्ही टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर कॅसेट घालून मारिओ खेळायचो. तीन लाइफ संपल्या की पहिल्यापासून सुरुवात. आजच्या मुलांना अमर्याद लाइफ मिळतात, तरी आजच्या गेमना अवघड म्हणतात. खरे अवघड गेम आमचेच नव्हते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या काळी चुकीची किंमत मोठी होती, हे खरे, पण एकेक उडी आजच्या इतकी अवघड नव्हती. आजचे निर्माते अमर्याद लाइफ देतात म्हणूनच त्यांना एका स्क्रीनमध्ये इतकी नेमकी मागणी करता येते. लाइफची पद्धत मुळात नाणी टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांवरून आली, आणि तिथे खेळणारा लवकर मरणे हाच धंदा होता. कॅपकॉमचा १९८५ चा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ पूर्ण केल्यावर, हा शेवट म्हणजे सैतानाने रचलेला सापळा होता, असे सांगून संपूर्ण गेम दुसऱ्यांदा खेळायला लावतो. त्याचा मला आजही राग येतो.

अवघडपणात खोडसाळपणा मिसळला की काय होते, हे पाहायचे असेल तर जपानमध्ये १९८६ साली निघालेला मारिओचा दुसरा भाग पाहावा. त्यात विषारी मशरूम आहे आणि मागच्या वर्ल्डमध्ये परत पाठवणारा वॉर्प झोनही आहे. अमेरिकेतल्या निन्टेन्डोला तो तिथल्या खेळणाऱ्यांसाठी फार कठीण वाटला, म्हणून १९८८ मध्ये तिथे ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या नावाने एक वेगळाच गेम आला. जपानी गेम अमेरिकेत पोहोचला तो १९९३ मध्ये, ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने. त्यात चांगले कसब लागतेच, पण नेहमी मदत करणारी वस्तू अचानक मारू लागली की खेळणाऱ्याचा गेमवरचा विश्वास उडतो, आणि माझ्या मते तिथे अवघडपणाचे अन्यायात रूपांतर होते.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. मूळ मारिओमध्ये गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या स्क्रीनवर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबले की ज्या वर्ल्डमध्ये मेलो त्याच्या पहिल्या लेव्हलपासून खेळता येते. आठ वर्ल्ड आणि बत्तीस लेव्हल चढणाऱ्यांना हे ठाऊक असते तर कितीतरी दुपारी वाचल्या असत्या.

प्रश्न : माझा मुलगा मोठ्या टीव्हीवर खेळताना कंट्रोलर आदळतो आणि “मी बटण वेळेवर दाबले होते” असे म्हणतो. हा हट्ट समजावा का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : आदळआपट थांबवावीच, पण त्याचे म्हणणे खरे असू शकते. असे गेम साधारणपणे सेकंदाला ६० चित्रे दाखवतात, म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. आजचे टीव्ही चित्र अधिक सुंदर दिसावे म्हणून त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात अशी अनेक चित्रे उलटून जाऊ शकतात. मालिका पाहताना ते जाणवत नाही. इथे मात्र मूल जे पाहते ते शिळे असते आणि उडी चुकते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून सुरू करा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, आणि ब्लूटूथ हेडफोनऐवजी वायरचा हेडफोन देऊन पाहा, कारण आवाज उशिरा आला तरी हाताची लय चुकते. मग तीच लेव्हल त्याला तुमच्यासमोर खेळायला सांगा. तरीही तो मरत असेल तर प्रत्येक वेळी काय चुकले ते त्याला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. मुले हे मोठ्यांपेक्षा अचूक सांगतात, आणि सांगता सांगता त्यांचा आवाजही खाली येतो.