तटरक्षकाची तड

शिरपूरकडच्या एका वाचकाने विचारले आहे: 'कोस्ट गार्डला मराठीत तटरक्षक म्हणावे की किनारारक्षक? आमचे सर म्हणतात, तट हा हिंदीतून घुसलेला शब्द आहे, मराठीत तट फक्त किल्ल्याला असतो. आणि त्या दलातल्या एकट्या माणसाला तटरक्षक म्हटले तर चालेल का?'

सरांकडे येतोच, पण आधी माझी चिडचिड ऐका. आमच्या गल्लीतल्या एका पोराची निवड झाली, तर चौकात ट्रॅक्टरएवढा फ्लेक्स लागला: 'इंडियन कोस्टल गार्ड नेव्हीमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. 'कोस्टल' नव्हे हो, 'कोस्ट'. आणि नेव्ही तर नव्हेच नव्हे. बातम्या देणारेही 'तटरक्षक दलाच्या नौसैनिकांनी मच्छीमारांना वाचवले' असे बिनदिक्कत सांगतात. घोटाळ्याला एक कारण आहे, ते मान्य. या दलात भरती झालेली पोरे पहिल्या प्रशिक्षणाला ओडिशात आयएनएस चिल्कावर जातात, आणि तो तळ नौदलाचा. १ फेब्रुवारी १९७७ला दलाचा हंगामी संसार उभा राहिला तोही नौदलाने दिलेल्या जहाजांवर. पण १९७८च्या कायद्याने घर वेगळे झाले. दोघे संरक्षण मंत्रालयाच्याच छपराखाली, पण चुली दोन. लढाई नौदलाची, चोरटा माल पकडणे, बुडत्याला काढणे, समुद्रात सांडलेले तेल आवरणे, परक्या ट्रॉलरना हाकलणे ही यांची कामे. जहाजे पाहिली तरी कळते. नौदलाची राखाडी, यांची पांढरी आणि अंगावर तिरपा पट्टा.

(असे दल हवे म्हणून शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष के. एफ. रुस्तमजी. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. समुद्र न पाहिलेल्या मुलखाला या विषयात बोलायचा हक्क नाही, असे कोणी म्हणाले तर हे नाव सांगावे.)

आता सर. सर, तुमचा 'अस्सल मराठी' किनारा फारसी आहे. साडीची किनार तीच, नदीचा किनारा तोच. फारसी आहे म्हणून तो वापरू नका असे मी म्हणणार नाही, पण त्याला सोवळे नेसवून संस्कृत तटाला हिंदी म्हणून दाराबाहेर बसवणे हा कुठला न्याय? तट म्हणजे उतार, कडा, नदीचा काठ. मराठीने तो घेतला, घासला आणि त्याची 'तड' केली. ट चा ड होणे प्राकृताला नवे नाही, घोटकाचा घोडा झाला तसेच.

या तडीचे पुढे काय झाले ते बघा. काम 'तडीस नेणे' म्हणजे नाव पलीकडच्या काठाला लावणे. माझे आजोबा पूल नव्हता तेव्हाची तापी नावेने ओलांडत. नाव मधल्या धारेत फिरू लागली की बोलणे बंद, तळाची फळी काठाच्या गाळाला घासली की सगळ्यांचा एकदम श्वास सुटायचा. तो घासण्याचा आवाज म्हणजे 'तड लागणे'. गुंडाला 'तडीपार' करतात तेही त्याला काठापलीकडे सोडणे. ताडी पिऊन दंगा करणाऱ्याला हाकलत म्हणून तडीपार, ही व्युत्पत्ती मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी पाठवतो. त्याने ती पाठवण्याआधी एकदा नदीवर जाऊन यावे. तडजोडीतली तडही हीच, असे माझे मत आहे: दोन काठ जोडणे. आणि 'गंगाथडी', 'पैलथडी' यातली थडी म्हणजे जरा धाप लागलेली तडी. माझे एक प्राध्यापक मित्र थडीला स्थळाकडे ओढतात. ओढोत. ते पुण्यात राहतात, तिथल्या नदीला भिंत बांधलेली आहे.

राहिला किल्ल्याचा तट. काठ आणि भिंत एकाच शब्दात कशी, हा सरांचा खरा अडसर. सरांनी तापीवर उभे राहून समोर पाहावे. आपल्याकडे तापी सपाट वाळूतून वाहत नाही, गाळाच्या मातीत खोल चिरत गेली आहे. पात्रात उतरलात की दोन्ही बाजूंना पिवळसर मातीची उभी भिंत, वर कुठेतरी केळीची पाने. हा काठ म्हणायचा की तटबंदी? मूळ शब्दात उभा कडाच आहे. कोणी तो पाण्याशी पाहिला, कोणी गडावर. कोकणात वाळूवर वाढलेल्याला हे पटणार नाही, खान्देशातल्याला सांगावे लागू नये.

तेव्हा 'तटरक्षक' बरोबर. हिंदीत दलाचे नावच नुसते 'भारतीय तटरक्षक' आहे. आपण नौदल, हवाई दल म्हणतो म्हणून इथेही 'दल' जोडतो. सेना म्हटले की आपल्याला पक्ष आठवतो, त्यापेक्षा दल बरे.

माझी तक्रार असलीच तर उलट आहे. हे लोक तटावर उभे नसतातच. तटावर उभा तो तटस्थ! किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ही देशाची सागरी हद्द. जळगाव-भुसावळपेक्षा थोडी कमीच. तिथवर सागरी पोलीसही गस्त घालतात. यांचा पसारा २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रापर्यंत (जिथल्या मासळीवर आणि तळाच्या तेलावर हक्क आपला), म्हणजे ३७० किलोमीटर. जळगावला गाडीत बसलात तर कल्याण येईल, तेवढे पाणी.

त्या पोराच्या आजीला पेढा देताना तो म्हणाला, 'तटरक्षक दलात लागलो.' आजी अहिराणीत म्हणाली, 'तठे काय राखनं शे रे भो?' तिच्या कानाला तट म्हणजे तठे, तिथे. पोराला उत्तर सुचले नाही. मला वाटले, आजीने मंत्रालयापेक्षा नेमका प्रश्न विचारला.

हो, तुमचा शेवटचा प्रश्न राहिलाच. एकट्या माणसाला तटरक्षक म्हणू नका. त्याचा हुद्दा 'नाविक', मग उत्तम नाविक, प्रधान नाविक. इंजिनाकडचा तो यांत्रिक. सरकारी कागदावरचे इतके सोपे शब्द क्वचितच सापडतात, ते वापरा. फ्लेक्स अजून चौकात आहे. वाऱ्याने कोपरा फाटून 'नेव्ही' गेली, 'कोस्टल' मात्र शाबूत.