बालवाडी बंद, फी चालू : एफडी मोडायची का?

२०२० चा पावसाळा, कोविडमुळे शाळा-बालवाड्या बंद. अशात पुण्याच्या वारज्याहून एका वाचक आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं :

‘मुलगा साडेतीन वर्षांचा. मार्चपर्यंत कर्वेनगरच्या एका बालवाडीत जायचा. भाड्याच्या बंगल्याचा तळमजला, ३८ मुलं, बालवाडी चालवणाऱ्या ताई, चार शिक्षिका, दोन मावशी. १२ घरांनी नाव काढून घेतलं, काही गावी गेली. आम्ही २६ घरं उरलोय, पण या चार महिन्यांत एकमेकांना धरून राहिलोय. एक बाबा मंचरहून भाजी आणून सगळ्यांकडे पोचवतात. एक आई डॉक्टर आहे, ती रात्रीसुद्धा फोन उचलते. एका घरातले सगळे पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा पंधरा दिवस त्यांच्या दारात डबे गेले. आता बालवाडी टिकवायची म्हणून ठरतंय की प्रत्येकाने वर्षाची फी, ४२,००० रुपये, आगाऊ भरायची. आणि जमेल त्यांनी ताईंना एक लाख बिनव्याजी, दोन वर्षांसाठी द्यायचे. यजमान चाकणला नोकरीला आहेत, पगार ७८,००० वरून ५५,००० झाला. माझे २२,०००. गृहकर्ज ३० लाख शिल्लक, १५ वर्षं राहिलीत, व्याज ८ टक्के, हप्ता २८,६७०. बाकी घरखर्च ३५,०००. जूनपासून मोरेटोरियम (हप्ते पुढे ढकलायची सवलत) घेतलंय. एफडी दोन लाखांची, बचत खात्यात एक लाख. मी म्हणते एफडी मोडू. यजमान म्हणतात पीएफमधून काढू. सासूबाई म्हणतात, शाळा बंद तर फी कसली?’

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तिघांत नेमका प्रश्न त्यांनीच विचारला आहे. फी कसली? राज्य सरकारने जुलै २०२० मध्ये पूर्वप्राथमिकसाठी सोमवार ते शुक्रवार रोज अर्धा तास एवढीच ऑनलाइन मुभा दिली, तीही मुख्यतः पालकांशी बोलण्यासाठी. अर्ध्या तासाचं मोल महिन्याला साडेतीन हजार होत नाही, हे सासूबाईंना कळतं आणि ताईंनाही कळत असणार. त्यात पुढच्या जूनपर्यंत दारं उघडली नाहीत, तर तुमचा मुलगा त्या बंगल्यात पुन्हा बसेलच असं नाही. तेव्हा जे द्याल ते चार शिक्षिका आणि दोन मावशींच्या पगारासाठी देताय, मुलाच्या शिक्षणाची किंमत म्हणून नव्हे, हे आधी घरात मोकळेपणाने बोलून घ्या. मग ‘एवढं देण्यासारखं आहे का’ हा वाद उरत नाही. ‘आपल्याला किती झेपेल’ एवढाच हिशेब उरतो.

आता झेपण्याचं बघू. तुम्ही लिहिलंय की हाताशी तीन लाख आहेत. नाहीत. जून आणि जुलैचे दोन हप्ते भरले नाहीत, त्याचे ५७ हजार बचत खात्यात पडून आहेत. ते बँकेचे आहेत, तुमच्या खात्यात मुक्कामाला आलेत इतकंच. मोरेटोरियममध्ये हप्ता पुढे जातो, व्याज थांबत नाही. व्याजदर आणि हप्ता तोच राहिला असं धरलं, तर या दोन हप्त्यांमुळे कर्जाच्या शेपटाला जवळपास पावणेसात हप्ते चिकटतात, म्हणजे १ लाख ९२ हजार रुपये. पंधरा वर्षांनंतरचे रुपये आहेत हे खरं, तरी आज सढळ हाताने देऊन टाकण्याइतके ते मोकळे नाहीत. आणि एक बोलू का? पगारकपातीनंतरही तुमच्या घरात ७७ हजार येतात, हप्त्यासकट ६४ हजार जातात. तुम्हाला मोरेटोरियमची गरजच नव्हती. बँकेचा मेसेज आला, सगळे घेत होते, तुम्हीही घेतलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी हेच केलंय. ऑगस्टचा हप्ता भरा. ते ५७ हजार महिनाभर तसेच ठेवा आणि यजमानांच्या कंपनीचं चित्र स्पष्ट झालं की सप्टेंबरात कर्जात भरून टाका.

म्हणजे खरी पुंजी २ लाख ४३ हजार. उद्या यजमानांची नोकरीच गेली तर? (चाकणची हवा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.) तुमचे २२ हजार येत राहिले, तरी महिन्याला ४२ हजारांचा खड्डा पडेल. आजच्या पुंजीवर घर जवळजवळ सहा महिने तरेल. आगाऊ फी आणि एक लाख देऊन बसलात, तर १ लाख १ हजार उरतात, त्यावर अडीच महिनेसुद्धा निघत नाहीत.

तेव्हा माझं मत : एक लाख देऊ नका. ४२,००० एकरकमी भरू नका. महिन्याला ३,५०० मात्र जरूर द्या, पूर्ण द्या, पहिल्या तारखेला द्या. महिन्याकाठी उरणाऱ्या १३ हजारांतून ते सहज निघतात, एफडीला हातही लावावा लागत नाही. पगार दर महिन्याला लागतो, भाडं दर महिन्याला लागतं, मग मदत एकदम कशाला? ऑक्टोबरात ताईंनी बालवाडी बंद करायची ठरवली, तर उरलेले पैसे तुम्ही मागणार आहात का? नाही मागणार. आणि उद्या तुमच्यावरच वेळ आली, तर पुढच्या महिन्यापासून निम्मे देते म्हणण्याची सोय हवी.

पत्रासोबत ताईंनी पालकांना दाखवलेला हिशेब जोडलात, हे फार बरं केलंत. मुळात हा हिशेब ताईंनी उघडून दाखवला याचंच मला कौतुक वाटलं. शिक्षिकांना ११-११ हजार, मावशींना सात-सात, मिळून ५८ हजार. भाडं ३८ हजार. वीज, साहित्य, किरकोळ सहा हजार. एकूण १ लाख २ हजार. पूर्वी ३८ मुलांची १ लाख ३३ हजार फी यायची, म्हणजे ताईंच्या हाती ३१ हजार उरायचे.

आता तुमची योजना. २६ घरांची वर्षाची फी म्हणजे १० लाख ९२ हजार. त्यातले ४ लाख ५६ हजार वर्षभराच्या भाड्यात जाणार. तुम्ही पदरमोड करून दिलेल्या शंभर रुपयांतले बेचाळीस रुपये एका कुलूपबंद तळमजल्याला! घसरगुंडी आणि वाळूच्या हौदाचं भाडं भरताय तुम्ही. बालवाडी माणसांमुळे उभी असते. तारा मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला मुलं जिथे होती तिथे जाऊन, वाडीवस्तीच्या अंगणात शिकवलं. बंगल्यावाचून त्यांचं अडलं नाही. शिक्षिका मात्र एकदा दुसरं काम धरून पांगल्या की जानेवारीत हाक मारून परत येत नाहीत.

मग भाड्याचं काय करायचं? हिशेबाच्या तळाशी एक ओळ आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही : मालकांकडे डिपॉझिट १ लाख ९० हजार. ताईंना हवं असलेलं बिनव्याजी कर्ज तिथे आधीच पडलेलं आहे. मालकांनी बंदच्या काळापुरतं भाडं निम्मं केलं आणि ते डिपॉझिटमधून वळतं करून घेतलं, तर १९ हजारांप्रमाणे दहा महिने निघतात. मे महिन्यापर्यंत ताईंना भाड्यापोटी रुपया द्यावा लागत नाही. मालक निवृत्त आहेत, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्यांचंही घर कदाचित या भाड्यावर चालत असेल, तेव्हा मोर्चा घेऊन जाऊ नका. डिपॉझिट त्यांनी बँकेत ठेवलं असेल तर महिन्याला त्यातून काढता येईल. खर्चून बसले असतील तर गणित बिघडतं, मग निम्म्यातलं निम्मं रोख, निम्मं वळतं असं काहीतरी जमवावं लागेल. अजिबातच ऐकलं नाही, तर लिव्ह अँड लायसन्सचा करार काढून नोटिशीचा कालावधी बघा आणि बंगला सोडायची तयारी ठेवा. खेळणी आणि चटया २६ घरांत वाटून ठेवता येतात. या पावसाळ्यानंतर पुण्यात रिकाम्या तळमजल्यांचा तुटवडा पडेल असं मला वाटत नाही.

भाडं बाजूला पडलं की उरतात पगाराचे ५८ हजार. सगळ्यांकडून सारखी फी मागू नका. तुम्हीच लिहिलंय की साधारण १२ घरांचे पगार शाबूत आहेत, ९ घरांत कपात आहे, पाच घरांत कमाईच बंद आहे. बारांनी पूर्ण, नवांनी निम्मी, पाचांनी काही नाही, असं धरलं तर ५७,७५० जमतात. अडीचशे रुपये कमी पडतात, तेवढे भाजीवाले बाबा घालतील! किरकोळ खर्च बंद बालवाडीला फारसा नाही. ताईंच्या हाती मात्र काहीच उरत नाही. त्यांच्या घरी दुसरी मिळकत आहे म्हणून हे काही महिने चालेल, कायमचं गृहीत धरू नका. कपात असूनही तुम्ही बारांत बसता, कारण तुमच्या घरात महिन्याला शिल्लक पडते आहे. कोण किती देतं हे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर येता कामा नये. एका माणसाकडे, हवं तर ताईंकडेच, प्रत्येकाने आपला आकडा कळवावा आणि बाकीच्यांना फक्त जमलेली बेरीज समजावी. ज्या घरात डबे पोचवलेत, त्या घराला फीच्या यादीत शून्यापुढे आपलं नाव वाचायला लावू नका.

मावशींसाठी एक काम बिनपैशाचं आहे. त्यांचं नाव अन्नसुरक्षा यादीत आहे का ते रेशन दुकानात बघा. असेल तर माणशी पाच किलो धान्य नोव्हेंबर २०२० पर्यंत मोफत मिळतंय. नियमित धान्य मिळतं ते वेगळं.

एक लाखाच्या कर्जाबद्दल तुमच्यापेक्षा मला ताईंची काळजी जास्त वाटते. पाच घरांनी एकेक लाख दिले, तर त्यांच्या डोक्यावर पाच लाख. दोन वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला २०,८०० रुपये. भरलेल्या बालवाडीत हाती ३१ हजार उरत होते; अर्ध्या भरलेल्या बालवाडीतून हे कुठून काढायचे? मग ताई रस्त्यात दिसल्या की तुम्ही दुसरीकडे बघणार, आणि त्या तुमच्याकडे. सरकारची आपत्कालीन कर्जहमी योजना त्यांना लागू होत नाही, कारण ती २९ फेब्रुवारी २०२० ला ज्यांचं कर्ज चालू होतं त्यांच्यासाठी आहे आणि ताईंनी कधी कर्जच काढलेलं नाही. काटकसरीने धंदा केल्याचं हे बक्षीस! तरीही एखादं घर उसने देणारच असेल, तर वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देऊ नका, खात्यातून द्या. आयकर कायद्याला रोखीचं एवढं कर्ज चालत नाही.

‘देणगी’ हा शब्दही टाळा. ताईंचा ट्रस्ट नाही, त्यामुळे तुम्हाला देणगीवरची ८०जी ची करसवलत मिळणार नाही. उलट नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात एकूण ५० हजारांहून जास्त भेट मिळाली, तर ती सगळी ताईंच्या उत्पन्नात धरली जाते. फी म्हणून घेतली तर तीही उत्पन्नच, पण तिच्यातून पगार वजा होतात. म्हणून दर महिन्याची फीची पावती घ्या. नर्सरीची शिकवणी फी ८०सी च्या करसवलतीत चालते. तुमची त्यातली दीड लाखांची मर्यादा गृहकर्जाचं मुद्दल आणि पीएफ यांनीच भरत आली असणार, तेव्हा तुम्हाला फरक पडायचा नाही. एखाद्या दुसऱ्या पालकाला पडेल.

पीएफला हात लावू नका. कोविडसाठी २०२० च्या सवलतीत तीन महिन्यांचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतलं जे कमी ते काढता येतं आणि परत भरावं लागत नाही, हे खरं आहे. पण आज, २०२० मध्ये, साडेआठ टक्के देणारा पैसा काढून साडेपाच टक्क्यांची एफडी वाचवायची, याला काय म्हणावं? ती सोय नोकरी गेल्याच्या दिवसासाठी राहू द्या.

त्यापेक्षा यजमानांना बँकेत पाठवा, किंवा या दिवसांत फोन तरी करायला लावा. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो) मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला, त्यानंतर नवी गृहकर्जं ७ टक्क्यांच्या आसपास मिळताहेत, आणि तुम्ही अजून ८ भरताय. तुमचं कर्ज जुन्या पद्धतीचं असणार. रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून मागा, थोडं शुल्क लागेल. एक टक्का उतरला, तर पहिल्या वर्षीच व्याजात २९-३० हजारांचा फरक पडतो. बालवाडीच्या ४२ हजारांतला मोठा वाटा एका अर्जातून सुटला.

आणि आरोग्यविमा. यजमानांच्या कंपनीची पॉलिसी आहे, असं तुम्ही लिहिता. नोकरीबरोबर ती जाते. १० जुलै २०२० पासून कोरोना कवच नावाची छोट्या मुदतीची पॉलिसी आरोग्यविमा विकणाऱ्या सामान्य विमा आणि आरोग्यविमा कंपन्यांकडे आली आहे, ५० हजारांपासून पाच लाखांपर्यंत, साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिन्यांसाठी. सासूबाईंसकट चौघांची साडेनऊ महिन्यांची घ्या. पंधरा दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो, त्यामुळे या आठवड्यातच. बालवाडीला पहिला हप्ता पाठवण्याआधी हे करा.

पालकांची पुढची मीटिंग रविवारी आहे म्हणता. त्यात एक लाखाचा विषय निघायच्या आधी बंगल्याच्या मालकांना फोन कोण करणार ते ठरवून टाका. माझं ऐकाल तर ताईंनी एकटीने करू नये. सासूबाईंना सोबत द्या, घासाघीस त्यांना चांगली जमेल असं पत्रावरून वाटतं.