नीटचा तिसरा प्रयत्न आणि कुलूपबंद वही

प्रश्न : मुलीनं दोनदा नीट दिली, जमलं नाही. आम्ही तिसऱ्यांदा क्लास लावलाय. ती मात्र रात्री मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरावरून (म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकावरून) मराठी सिनेमा लिहीत बसते. त्यातला पक्षी पकडणारा पापागेनो म्हणे आपल्या फुटाळा तलावावर फिरतो! वही मी कपाटात कुलूपबंद केली आहे. कॅमेरा लावून गाणी उतरवायची, यात कसलं करिअर? तिला समजवा. (एक वडील, नागपूर)

उत्तर : समजवायचंच तर आधी तुम्हाला. पत्रात जागोजागी 'आम्ही' आहे, पण तिसऱ्या प्रयत्नाबद्दल मुलीचं म्हणणं काय, हे एकदाही नाही. मार्कांपेक्षा मला त्याची काळजी वाटते. कुणी न सांगता पोरगी पानंच्या पानं लिहिते आणि घरात ते चोरीच्या मालासारखं जप्त होतं! वही आजच परत द्या. तिसरा प्रयत्न तिला हवाय का, हे चारचौघांत नको, एकटीला विचारा. 'नाही' म्हणाली, तर क्लासच्या फीचा हिशेब तिच्यापुढे मांडू नका.

'कॅमेरा लावून गाणी उतरवायची' हा तुमचा समज पार चुकीचा आहे. ऑपेरात प्रसंग किती वेळ चालणार हे संगीत ठरवतं. गायिका दोन-चार ओळींभोवतीच कितीतरी वेळ घुटमळते. रंगमंचावर ते खपतं. पडद्यावर तेवढा वेळ दाखवायचं काय, हा प्रश्न लिहिणाऱ्यालाच सोडवावा लागतो. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमननं १९७५ मध्ये हाच ऑपेरा स्वीडिश टीव्हीसाठी केला. मूळ जर्मन शब्दांऐवजी स्वीडिश शब्द गाऊन घेतले, गाणी आधी रेकॉर्ड केली आणि चित्रण मागाहून. लांब कशाला जाता? 'कट्यार काळजात घुसली' लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचेच. १९६७ च्या त्या नाटकाचा २०१५ मध्ये सिनेमा झाला, तेव्हा अभिषेकीबुवांच्या पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. जुनं किती ठेवायचं आणि हात कुठे घालायचा, याला अभ्यास लागतो, आणि तो मेडिकलपेक्षा सोपा असतो असं कुणी सांगितलं?

राहिला मार्ग. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा (एफटीआयआय) दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि पदवी कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे सध्या बीए, बीएस्सी, तिला झेपेल ते करू द्या.

पुढचं तिलाच वाचू द्या. बाळ, अख्खा ऑपेरा तूर्त बाजूला ठेव. पापागेनोचं पहिलं गाणं घे, मराठी शब्द त्या सुरांवर बसव आणि गाणाऱ्याकडून म्हणवून घे. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण तिथेच कळेल. शब्द अडखळले तर पटकथा कितीही झकास असो, सिनेमा उभा राहायचा नाही. मोझार्टच्या संगीतावर आता कुणाचा हक्क नाही, पण नेटवरून उचललेल्या रेकॉर्डिंगवर असू शकतो. म्हणून कीबोर्ड वाजवणारं कुणीतरी गाठ आणि साथ नव्यानं रेकॉर्ड करून घे.