पोटाची चरबी कमी करायला ऑनलाइन कोर्सचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण रोजची नोंद ठेवली आणि समोरून कुणी विचारणारं असलं तरच. ‘फक्त पोट उतरवून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका. पोटाच्या व्यायामानं स्नायू बळकट होतात, चरबी सगळ्या अंगाची मिळून उतरते.

माझ्या आईनं सांगलीत घरबसल्या असा कोर्स केला. दर रविवारी उपाशीपोटी, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची. आपल्याकडे पुरुषांची कंबर 90, बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की मधुमेहाचा धोका वाढतो. संध्याकाळचं भडंग सुटून मटकीची उसळ आली, कृष्णेच्या घाटावर चालणं सुरू झालं. आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चाला. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, प्लीज.