पांढरा पट्टा बांधण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ३७ वर्षांची असून नाशिकमधील एका पतसंस्थेत नोकरी करते. ज्युदो किंवा कराटे शिकावे असे फार दिवसांपासून मनात आहे. शाळेत असताना घरून परवानगी मिळाली नाही आणि नंतर ते राहूनच गेले. घराजवळ कराटेचे दोन क्लास आहेत. एक व्यापारी संकुलात आहे; तेथे सहा महिन्यांचे ९,००० रुपये एकरकमी भरावे लागतात, ड्रेसचे २,५०० वेगळे, आणि ‘दीड वर्षात ब्लॅक बेल्ट’ असा फलक लावलेला आहे. दुसरा एका शाळेच्या सभागृहात भरतो. तेथे महिन्याला ६०० रुपयेच घेतात, पण बहुतेक विद्यार्थी दहा-बारा वर्षांचे आहेत. महिन्याला हजारापेक्षा अधिक खर्च मला झेपणार नाही. या वयात सुरुवात करावी का आणि क्लास कसा निवडावा?

उत्तर : सुरुवात अवश्य करावी. मी स्वतः पहिल्यांदा ज्युदोच्या मॅटवर उतरले तेव्हा ३२ वर्षांची होते, आणि आज माझ्याकडे येणाऱ्या महिलांमध्ये पन्नाशी ओलांडलेल्याही आहेत. रक्तदाब, गुडघे किंवा कंबरेचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि शिक्षकांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. वयाविषयी याहून अधिक काळजी करण्याचे कारण नाही.

खर्चाचा मात्र नीट विचार करावा लागेल, कारण फलकावरची फी म्हणजे क्लासचा खर्च नव्हे. ६०० रुपयांच्या क्लासचे वर्षाचे ७,२०० होतात, हे खरे. पण दर तीन महिन्यांनी बेल्ट परीक्षा असेल आणि तिचे प्रत्येक वेळी १,००० रुपये द्यावे लागत असतील, तर ४,००० तेथेच वाढतात. त्यात संघटनेची वार्षिक नोंदणी ८००, ड्रेस १,४०० आणि प्रत्येकी ७०० रुपये प्रवेश शुल्काच्या दोन सक्तीच्या स्पर्धा धरल्या, तर वर्षाचा आकडा १४,८०० वर जातो, म्हणजे आपल्या मर्यादेच्या जवळजवळ तीन हजार पुढे. त्याच क्लासमध्ये परीक्षा वर्षातून दोनदाच असतील आणि स्पर्धा ऐच्छिक असतील, तर तोच हिशेब ११,४०० रुपयांत बसतो. म्हणून दोन्ही ठिकाणी जाऊन एकच प्रश्न विचारा : ‘पहिल्या वर्षात माझ्या हातून एकूण किती पैसे जातील, ते कागदावर लिहून द्याल का?’ ज्या शिक्षकांचा व्यवहार चोख असतो त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही. संकुलातील क्लासचे तर परीक्षा शुल्क न धरताच वर्षाचे २०,५०० होतात, त्यामुळे तो आपल्यासाठी नाही, हे मी स्पष्टच सांगते.

त्या फलकाविषयीही सांगायला हवे. नियमित सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचायला सर्वसाधारणपणे तीन ते पाच वर्षे लागतात. जपानी परंपरेत पहिल्या काळ्या पट्ट्याला ‘शोदान’ म्हणतात आणि त्यातील ‘शो’ या अक्षराचा अर्थच आरंभ असा आहे. मूळ अक्षरे गिरवून झाली, आता वाचायला शिका, इतकेच तो पट्टा सांगतो. कराटेमध्ये शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू अशा अनेक शैली आहेत आणि प्रत्येक शैलीच्या कितीतरी स्वतंत्र संघटना आहेत. त्यामुळे एका संघटनेचा पट्टा दुसरी मानीलच असे नाही, आणि प्रमाणपत्रावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द छापायला कोणाची आडकाठी नसते. आपल्याला नोकरीतील क्रीडा आरक्षणासाठी किंवा स्पर्धेसाठी शिकायचे नाही, तेव्हा प्रमाणपत्राचा विचार बाजूला ठेवून शिकवणे कसे आहे तेवढेच पाहावे.

ते पाहण्यासाठी एक पूर्ण तास बाजूला बसून घालवावा. दहा मिनिटे डोकावून काही कळत नाही, कारण पहिली दहा मिनिटे सगळीकडे धावणे आणि वॉर्म-अपच चालतो. बाहेरच्या माणसाला बसून पाहू देत नाहीत अशा ठिकाणी नाव घालू नये.

ज्युदोचा वर्ग पाहिलात तर नवशिक्यांना पडायला कसे शिकवतात याकडे आधी लक्ष द्या. या पडण्याच्या सरावाला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. तोंडाने श्वास सोडायचा. आणि पाठ मॅटला लागते त्याच क्षणी सरळ हाताचा तळवा शरीरापासून थोड्या अंतरावर जोरात मॅटवर मारायचा. आधी बसून, मग उकिडवे होऊन, मग उभ्याने. चांगल्या वर्गात पहिले कित्येक दिवस त्या तळव्यांचा फटफट आवाज सभागृहभर घुमत असतो आणि कोणी कोणाला उचलून टाकत नाही. हे मी आग्रहाने सांगते, कारण मी ज्या पहिल्या क्लासमध्ये गेले तेथे उकेमी दोन दिवसांत उरकली आणि तिसऱ्या दिवशी मला एका जुन्या विद्यार्थ्यापुढे उभे केले. पडताना मी सहज प्रवृत्तीने हात जमिनीकडे पुढे केला, सगळा भार त्या हातावर आला आणि गळपट्टीचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात होता. शिक्षक मनाने वाईट नव्हते; नव्या माणसाला काय येत नाही हे थांबून पाहण्याची त्यांना सवय नव्हती. म्हणून मी वर्ग पाहायला जाते तेव्हा सर्वांत चपळ मुलाकडे पाहत नाही. सर्वांत मागच्या रांगेत गोंधळलेल्या माणसाकडे शिक्षक तासाभरात किती वेळा जातात, तेवढे मोजते.

कराटेच्या वर्गात हेच वेगळ्या रूपात दिसते. दोघांचे कुमिते, म्हणजे समोरासमोरच्या लढतीचा सराव, चालू असताना फटका अंगाजवळ थांबवण्यावर शिक्षक भर देतात का, दातांचे रक्षक आणि हातमोजे वापरले जातात का, आणि लागले म्हणून बाजूला झालेल्या मुलाला ‘भित्रा’ म्हटले जाते का, हे पाहावे. एखादी पकड किंवा स्थिती दुरुस्त करण्यासाठी विद्यार्थिनीच्या अंगाला हात लावावा लागत असेल, तर विचारून लावतात की नाही, याकडे आपले लक्ष आपोआप जाईलच. तेथे मन कचरले तर त्या मनाचे ऐकावे आणि दुसरा वर्ग पाहावा. त्यासाठी कोणाला पुरावा देण्याची गरज नाही.

मुलांबरोबर शिकण्याचा संकोच बाळगू नका. काता, म्हणजे ठरावीक हालचालींची साखळी, आणि मूलभूत फटके कोणाच्याही शेजारी उभे राहून शिकता येतात. जोडीच्या सरावाला मात्र आपल्या वजनाचे माणूस हवे. शिक्षकांना विचारून पाहा, मोठ्यांसाठी वेगळी बॅच आहे का. नसेल तर पतसंस्थेतील किंवा सोसायटीतील चार-पाच जणींना तयार करून एकत्र जा. पाच जणी नियमित येणार म्हटल्यावर बहुतेक शिक्षक आठवड्यातून तीन दिवस वेगळा तास काढतात. माझी स्वतःची सकाळची बॅच अशाच चार मैत्रिणींनी मागितली म्हणून सुरू झाली.

कराटे की ज्युदो, हा प्रश्न मी दुय्यम मानते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची स्थापना केली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ साली आला, तर महिलांना पदकांसाठी खेळण्याची संधी १९९२ मध्ये मिळाली. कराटे मात्र ऑलिंपिकमध्ये आजवर टोकियोतच, तेही एकदाच, खेळले गेले. नवशिक्याच्या निवडीत या इतिहासाने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो घरापासूनच्या अंतराने आणि शिक्षकाने. जेथे चालत किंवा एका बसने जाता येते, तेथेच माणूस सहा महिन्यांनंतरही जातो.

आणखी एक पर्याय शोधावा असे मला वाटते. जाहिरातीचा फलक नसलेल्या जागा बहुधा स्वस्त असतात : जुन्या व्यायामशाळा, जिमखाने, जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये उभे राहिले, ते समाजाला व्यायाम परवडावा या विचारातूनच. त्या विचाराच्या लहान संस्था आजही अनेक गावांत, शहरांत तग धरून आहेत. त्या शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन, आपल्या भागात ज्युदो, कराटे किंवा तायक्वांदोचा सराव कोठे चालतो, असे विचारणे. महिला दिनाच्या सुमारास होणारी मोफत स्वसंरक्षण शिबिरेही पाहावीत. दोन दिवसांत कोणी लढायला शिकत नाही, पण गावात कोण कोण शिकवते आणि त्यांचा स्वभाव कसा आहे, ते तेथे फुकट कळते.

तूर्त आपण शाळेच्या सभागृहातील क्लासचा एक तास पाहा, वर्षाचा हिशेब लिहून घ्या, आणि तो बारा हजारांत बसत असेल तर एकाच महिन्याची फी भरून पावती घ्या. पहिला महिना टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवर भागते. महिनाभर गेल्यावरही जावेसे वाटले, तर ड्रेस घ्यावा. जुन्या विद्यार्थ्यांचे आखूड झालेले ड्रेस निम्म्या किमतीत मिळतात, तेही विचारून पाहावे.

प्रश्न : आमचे गाव कोल्हापूरजवळ आहे. माझ्या ११ वर्षांच्या मुलाला कुस्ती शिकायची आहे. तालमीची फी फार नाही, पण ‘खुराकाचा खर्च तुम्हाला झेपणार नाही’ असे सगळे सांगतात. मी शेतमजुरी करतो. मुलाला पाठवू का?

उत्तर : जरूर पाठवा. लोक ज्या खर्चाची भीती घालतात तो तालमीत मुक्कामाला राहून फडात उतरणाऱ्या तयारीच्या मल्लाचा खर्च आहे. बदाम, तूप, थंडाई हे त्याच्या दिवसभराच्या मेहनतीला लागते. घरी राहून सकाळ-संध्याकाळ तालमीत जाणाऱ्या ११ वर्षांच्या मुलाला भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध आणि जमल्यास अंडी एवढे पोटभर मिळाले तर पहिली काही वर्षे दुसरे काही लागत नाही. डब्यातील महागडी पावडर कोणी सुचवली तर ती घेऊ नका.

तालीम निवडताना आधी आखाड्यातील माती हातात घेऊन पाहा. हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून रोज उकरलेली लाल माती मऊ लागते आणि तिला वास येतो; दुर्लक्षित माती ढेकळासारखी घट्ट होते आणि तीत पडले की लागते. सरावानंतर मुले लगेच अंघोळ करतात का आणि नायटा झालेल्या मुलाला वस्ताद बरा होईपर्यंत बाजूला बसवतात का, तेही विचारा. पुढे राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा मॅटवरच होतात, तेव्हा आठवड्यातून एखादा दिवस तरी मॅटचा सराव मिळणारी तालीम सापडली तर ती बरी. आणि वजनी गटात बसवण्यासाठी या वयात मुलाला उपाशी ठेवायला कोणी सांगितले तर ठाम नकार द्या, मग तो वस्ताद कितीही मोठा असो. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शेतकऱ्याच्या घरातील होते, हे मुलाला सांगा.

प्रश्न : मी शिक्षणासाठी जर्मनीत आले आहे. ज्युदो शिकायचा आहे, पण खाजगी स्टुडिओ वर्षभराचा करार मागतात. स्वस्त मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो आपल्या विद्यापीठातच आहे. तेथील विद्यापीठे ‘होखशूलश्पोर्ट’ या नावाने प्रत्येक सत्रात विद्यार्थ्यांसाठी अल्प शुल्कात खेळांचे वर्ग चालवतात. जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणी सुरू होण्याची तारीख आधीच पाहून ठेवावी. दुसरा मार्ग गावातील ‘फेराइन’चा, म्हणजे सभासदांनी चालवलेल्या क्रीडा मंडळाचा. आपल्याकडच्या व्यायाम मंडळासारखेच ते असते : वर्गणी कमी आणि शिकवणारे पुष्कळदा नोकरी सांभाळून हौसेने शिकवणारे. विद्यार्थ्यांना वर्गणीत सवलत आहे का, ते विचारावे. बहुतेक मंडळे एक-दोन वेळा विनामूल्य सराव करू देतात. त्याला ‘प्रोबेट्रेनिंग’ म्हणतात, एवढा एक शब्द ईमेलमध्ये लिहिला तरी पुरतो. सभासद होताना राजीनाम्याची मुदत वाचून घ्या, कारण अनेक मंडळांत सहामाही किंवा वर्ष संपतानाच सभासदत्व सोडता येते, आणि शहर बदलायचे असेल तर ती तारीख आपल्याला आधी ठाऊक असायला हवी.