शूबर्टचे सोनाटा: कंटाळा येत असेल तर इथून ऐका

व्हिएन्नाचा संगीतकार शूबर्ट याची गाणी आवडतात, पण त्याचे पियानो सोनाटा (पियानोसाठीच्या, अनेक भागांच्या लांब रचना) बेथोव्हेनसारखे कुठे पोचतच नाहीत, असं तुम्हाला वाटतं का? माझं म्हणणं असं की पोचण्याची वाट पाहणं सोडा. शूबर्टला एकाच जागी थांबून तिचा रंग बदलताना दाखवायचा असतो.

बी फ्लॅट मेजर या स्वरमालेतला शेवटचा सोनाटा, डी ९६० (डी म्हणजे शूबर्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), घ्या. सुरुवातीची चाल अगदी शांत, दोन्ही हात जवळजवळ. आठव्या मापात (तालाच्या आठव्या आवर्तनात) ती थांबते आणि डाव्या हाताला, खूप खाली, जी फ्लॅटवर एक ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झरझर थरथर) येते. इतक्या हळू आवाजात, की खराब स्पीकरवर ऐकूच येणार नाही. हेडफोन लावा. हा स्वर बी फ्लॅट मेजरमधला नाही, त्यामुळे तो खटकतो. मग चाल पुन्हा सुरू होते, आणि थोड्याच वेळात तीच चाल जी फ्लॅट मेजरमध्ये उमटते. पुढची मोठी चाल एफ शार्प मायनरमध्ये, आणि पियानोवर जी फ्लॅट आणि एफ शार्प ही एकच काळी पट्टी! सगळं बीज त्या ट्रिलमध्ये आहे. हे एकदा कानात बसलं की वीस मिनिटं लांब वाटत नाहीत.

पहिल्या मूव्हमेंटचा (सोनाटाच्या पहिल्या स्वतंत्र भागाचा) सुरुवातीचा तुकडा पुन्हा वाजवण्याआधी शूबर्टने काही मापं वेगळी लिहिली आहेत. तीच ट्रिल तिथे, फक्त तिथेच, दणदणीत जोराने येते. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल ही पुनरावृत्ती वगळायचे, त्यामुळे ती मापंही गेली. मला ते पटत नाही. दुसरे पियानोवादक स्व्यातोस्लाव रिश्टर ती घ्यायचे, आणि लयही कमालीची संथ ठेवायचे. दोन्ही ऐकून तुम्हीच ठरवा.

हा सोनाटा २६ सप्टेंबर १८२८ ला पूर्ण झाला. सोबत डी ९५८ आणि ९५९ हे दोन. शूबर्टने ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रोब्स्ट या प्रकाशकाला ते देऊ केले, पण काही जमलं नाही. १९ नोव्हेंबरला व्हिएन्नात, भावाच्या घरी, तो गेला. वय ३१. तिन्ही सोनाटा डियाबेली या प्रकाशकाने छापले थेट १८३९ मध्ये. ते हुमेल या पियानोवादक-संगीतकाराला अर्पण करायचा शूबर्टचा विचार होता, पण तोवर हुमेलही गेला होता, म्हणून ते संगीतकार शूमानला अर्पण झाले. जी फ्लॅट मेजरमधलं इम्प्रॉम्प्टू (पियानोसाठीची छोटी रचना; डी ८९९, क्र. ३) तर १८५७ मध्ये छापून आलं, तेही स्वर बदलून, जी मेजरमध्ये! गाण्यांवर जीव असेल तर आधी तेच ऐका, कारण त्यात वरची चाल माणसाच्या गळ्यासारखी चालते आणि खालचे झरझर स्वर तिला धरून ठेवतात.

डी ९६० नंतर डी ९५९ ची दुसरी मूव्हमेंट लावा. सुरुवात साधी, उदास. मध्येच सगळं उसळतं, ताल मोडतो, आणि काही क्षण हे शूबर्टचंच आहे यावर विश्वास बसत नाही.