बटाव्हिया करताय? आधी फळ्या, मग बरगड्या

ऑस्ट्रेलियाजवळ बुडालेल्या बटाव्हिया या जुन्या डच जहाजाचं मॉडेल करायला घेतलंत, फार बरं वाटलं. पण बरगड्या, म्हणजे सांगाड्याची वाकडी लाकडं, उभ्या करून त्यावर फळ्या ठोकू नका. 1628च्या ॲमस्टरडॅममध्ये उलटं चालायचं: कण्याला (तळाच्या मधल्या लांब लाकडाला) लागून तळाच्या फळ्या आधी, त्या तात्पुरत्या लाकडी पट्ट्यांनी धरायच्या, मग आत बरगड्या. पट्ट्या काढल्या की खिळ्यांच्या भोकांत बारीक लाकडी खुंट्या ठोकत. त्या तुमच्या तळावर दिसल्याच पाहिजेत! मी बांबूच्या काड्या तासून बसवल्या. दोन आठवडे गेले, पण तळ जिवंत झाला.

मापांना जपा. जुन्या ॲमस्टरडॅमचा फूट तिथल्याच 11 इंचांचा, सुमारे 28.3 सेंटिमीटर. नेदरलँड्समधल्या लेलिस्टाडला 1985 ते 1995मध्ये बांधलेली प्रतिकृती बघाच, पण जहाजाच्या मागच्या डाव्या बाजूसाठी ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या संग्रहालयातले मूळ अवशेषच प्रमाण माना. डोलकाठ्यांची घाई नको.